आमचा हळद्या उडाला. सातारकर, जरा कान देता का?

चिमणपुरेकर | रविवार, रात्री ९:४०

एरवी मी इथं पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच काम घेऊन आलेय. संध्याकाळी साडेपाचला आमचा पक्षी उडाला. कॉकेटिल आहे, नर, साडेतीन वर्षांचा. पक्ष्यांच्या दुकानात ज्याला सरसकट 'कॉकटेल' म्हणतात तोच. अंग सायीसारखं फिकट पिवळं, गालांवर नारिंगी टिकल्या, डोक्यावर तुरा, शेपटीसकट फूटभर. नाव हळद्या.

खालून वरात चालली होती. लेक त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत गेली. ती हे रोज करते, मी रोज ओरडते, आणि रोज काही होत नाही. आज कुणीतरी हजाराची माळ लावली. पहिल्या बाराला जो उठला तो समोरची कौलं, त्यामागची पाण्याची टाकी ओलांडून थेट उगवतीकडे. जानेवारीत त्याचे पंख कापून आणले होते, त्यामुळे याला उडता येत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो.

आठ वाजेपर्यंत बॅटऱ्या घेऊन हाका मारत फिरलो. पिंजरा गच्चीत दार उघडून ठेवलाय. लेक जेवली नाही. पुढं काय करायचं ते सांगा, प्लीज.

तिरकस | रविवार, रात्री ९:५२

चिमणपुऱ्यातून पक्षी हरवला. बातमी आहे खरी.

(सॉरी, राहवलं नाही. सापडेल.)

शीळकरी | रविवार, रात्री १०:१५

चिमणपुरेकर, माझ्याकडे आठ वर्षं कॉकेटिल आहेत. दोन उडाले, त्यातला एक परत आला. तेवढ्यावरून सांगतो.

आता रात्री फिरू नका. अंधार पडला की ते एका जागी बसतात, आवाज बंद, आणि हाक मारली तरी उत्तर देत नाहीत. उद्या उजाडायच्या आत बाहेर पडा. पावणेसहा ते साडेसात ही पहिली वेळ, आणि मावळायच्या आधीचा तास दीड तास ही दुसरी. या दोन वेळांना ते आपल्या माणसांना साद घालतात. भर दुपारी उन्हात सावलीला गपचिप बसतो, तेव्हा तुम्हीही झोप काढा.

तो दिसला आणि खाली येत नसला तर 'आपल्याला विसरला' असं वाटून घेऊ नका. खोलीत वाढलेल्या पक्ष्याला वर जाता येतं, समोर जाता येतं. उंचावरून सरळ खाली उतरणं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. माझा पहिला समोरच्या अशोकाच्या शेंड्यावर सहा तास बसून माझ्याकडे बघून रडत होता, आणि मी खालून 'ये ये' करतोय. शेवटी शेजारच्या तिसऱ्या मजल्यावर त्याच्या समपातळीत जाऊन उभा राहिलो, तेव्हा दुसऱ्या मिनिटाला हातावर. तेव्हा हाक मारायची तर गच्चीवरून मारा.

पंखांचं म्हणाल तर कापलेली पिसं पिसं झडायच्या वेळी गळतात आणि नवी येतात. जानेवारी ते एप्रिल म्हणजे पुरेसा वेळ झाला. त्यातून वारा मिळाला तर अर्धे पंख कापलेलाही जातो.

तो कुठली शीळ घालतो? ते लिहा. लोक बघतात कमी, ऐकतात जास्त.

चिमणपुरेकर | रविवार, रात्री १०:३१

शीळ म्हणाल तर... हसू नका. समोरच्या काकांची गाडी रिव्हर्सला पडली की टीं टीं टीं वाजते. तो ते करतो. तीनदा टीं, आणि शेवटी स्वतःचा एक हेल लावतो वर, प्रश्न विचारल्यासारखा. टीं टीं टीं, टींऽ? असं. ह्यांनी दोन वर्षं छान छान गाणी शिकवायचा प्रयत्न केला. त्याला गाडी आवडली.

खारीबटर | रविवार, रात्री १०:३३

काकांना सांगा की उद्या सकाळी गल्लीतून गाडी उलटी फिरवा. मी गंमत करत नाहीये.

पेठेतली | रविवार, रात्री ११:०५

पत्रकं छापून पेपरात टाकायला लावा, अजून पेपर घेणारी घरं खूप आहेत आपल्याकडे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घंटागाडीवाल्यांना सांगा. साताऱ्यातली एक गल्ली त्यांच्या चाकाखालून सुटत नाही. दूधवाले, पेपरवाली पोरं, अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढणारी मंडळी, चार भिंतींच्या टेकडीवर व्यायामाला जाणारी. ही सगळी तुमच्या त्या पावणेसहाच्या वेळेत बाहेरच असतात. फेसबुकवर टाकून दहाला जागे होणाऱ्यांचा काय उपयोग.

पक्षीवेडी | सोमवार, सकाळी ७:२०

एक सूचना. ओळखीची सगळी चिन्हं जाहीर करू नका. पायात कडी आहे का, कुठं पीस कमी आहे का, त्यातली एखादी खूण स्वतःजवळ ठेवा. का ते कळेलच दोन दिवसांत.

चिमणपुरेकर | सोमवार, सकाळी ९:४५

सकाळचा वृत्तांत. साडेपाचला बाहेर पडलो. मी आणि लेक मंगळवार तळ्याच्या बाजूला, आमचे हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. समोरच्या काकांनी खरंच गाडी काढली. वय एकाहत्तर, लुंगी, मान पूर्ण मागं वळलेली, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिव्हर्समध्ये तीन फेऱ्या. चौथ्या फेरीला दुधाच्या मोटारसायकलवाल्याने हात जोडले तेव्हा थांबले. मला रडावं का हसावं कळेना.

हळद्याचं उत्तर आलं नाही. कोकीळ, कावळे, आणि एक तांबट, एवढेच.

पत्रकाचा मजकूर ह्यांनी लिहिला: 'हळद्या हरवला आहे. रंग पिवळा. दिसल्यास कळवावे.' सकाळपासून अकरा फोन. त्यातले सात पक्षिनिरीक्षकांचे आणि निवृत्त शिक्षकांचे. "ताई, हळद्या हरवत नसतो हो, आमच्या आंब्यावर रोज येतो, आत्तासुद्धा बसलाय." एका गृहस्थांनी तर त्याचा आवाज फोनवर ऐकवला. खराखुरा, रानातला हळद्या, डोळ्याला काजळ लावलेला. पक्ष्याला दुसऱ्या पक्ष्याचं नाव ठेवू नये, हे आज कळलं. संध्याकाळच्या पत्रकात 'तुरेवाला पिवळा पोपट' लिहिलंय.

तिरकस | सोमवार, सकाळी १०:०२

म्हणजे पत्रकाचा पोपट झाला.

घाटमाथा | सोमवार, सकाळी ११:३०

पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे याची कल्पना आहे का? उघडपणे धागा काढताय. आणि एक स्पष्ट बोलतो, सुटला तर सुटू द्या की. आभाळ त्याचंच आहे.

पक्षीवेडी | सोमवार, दुपारी १२:१०

घाटमाथा, अर्धं बरोबर आहे तुमचं. कीर, करण, तोईपोपट, म्हणजे आपल्याकडचे सगळे हिरवे पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. जुन्या वाड्यांच्या ओसरीवर अजून पिंजरे टांगलेले दिसतात ते बेकायदाच. पण कॉकेटिल ऑस्ट्रेलियाचा, आपल्या रानातला नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी प्राण्यांची नोंदणी आली ती साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या यादीतल्या जातींसाठी. त्या यादीत जगातले जवळपास सगळे पोपट आहेत, चार सोडून: कॉकेटिल, बजरीगर, पीच-फेस्ड लव्हबर्ड, आणि गंमत म्हणजे आपला कीर. जगाच्या यादीत मोकळा आणि स्वतःच्या देशात पाळायला बंदी.

दुसरं, आभाळ त्याचं असेलही, पण साताऱ्याचं नाही. पिंजऱ्यात अंड्यातून निघालेला, नव्वद-शंभर ग्रॅमचा, लांबून दिसणाऱ्या पिवळ्या रंगाचा पक्षी. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, बघेल, कावळे तर आधी बघतील. पिंजरा असावा की नसावा यावर वेगळा धागा काढा, मी येईन, बहुधा तुमच्याच बाजूने. इथं नको.

निवृत्त_नाना | सोमवार, दुपारी ४:४०

ओसरीवरचे पिंजरे म्हणालात म्हणून. आमच्या वाईच्या वाड्यात आजीचा राघू होता. तेव्हा कोण कायदा बघतंय. मी नववीत असताना पिंजरा धुताना माझ्याच हातून सुटला. आजी मला एक शब्द बोलली नाही, त्याचं जास्त लागलं. पुढचे आठ दिवस तो रोज सकाळी घाटावरच्या पिंपळावर यायचा, त्याच्याबरोबर आणखी चार-पाच. आजी डाळ भिजवून कट्ट्यावर ठेवायची. तो खाली उतरून कट्ट्यापासून हातभर अंतरावर बसायचा. आजी म्हणायची, "विठू, घरी चल." तो म्हणायचा, "घरी चल." आणि जायचा उडून.

नवव्या दिवशी आला नाही. पण तो इथला होता, त्याला थवा मिळाला. तुमच्याला कोण मिळणार, ही काळजी रास्त आहे. शोधा.

चिमणपुरेकर | सोमवार, रात्री ९:१५

नाना, लेकीला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने.

संध्याकाळी काही नाही. सदरबझारातून एक फोन आला, 'तुमचा पक्षी आमच्या खिडकीत बसलाय'. धावत गेलो. बजरीगर निघाला, निळा. ज्याला लोक लव्हबर्ड म्हणून विकतात तो. दुसऱ्याच कुणाचा तरी हरवलेला. त्या बाईंनी तांदूळ घालून ठेवून घेतलाय.

चिमणपुरेकर | मंगळवार, दुपारी १:३०

दोन गोष्टी.

एक. सकाळी फोन आला, 'पक्षी माझ्याकडे आहे, पुण्याला निघालोय, दोन हजार पाठवा, ड्रायव्हरबरोबर परत देतो.' फोटोही आला. मी खरंच पैसे पाठवायला मोबाइल काढला होता. लेक म्हणाली, आई, ती खूण विचार. विचारलं, तर म्हणे डाव्या पायात लाल कडी आहे. आमच्याला कडीच नाही. फोटो नीट बघितला तर आम्हीच टाकलेला, उलटा फिरवून कापलेला. पक्षीवेडी, दंडवत.

दोन. फुटक्या तळ्याजवळच्या वडाखाली लेकीला पिवळं पीस सापडलं. बोटभर लांब. तेव्हापासून ती ते मुठीत धरून बसलीये. फोटो टाकतेय. कुणी सांगू शकेल का?

पक्षीवेडी | मंगळवार, दुपारी २:०५

फोटो पाहिला. त्याचं असू शकतं, नसूही शकतं. पण लेकीला एवढं नक्की सांगा: शिक्रा पक्षी मारतो तेव्हा आधी बसून पिसं उपटतो. खाली ढीग पडतो, मूठभर, लहानमोठी सगळी मिसळून. एक सुटं पीस म्हणजे नुसतं गळलेलं पीस.

शीळकरी | मंगळवार, दुपारी २:४०

+१. आणि पिसाचा देठ बघा. टोक स्वच्छ, कोरडं असेल तर आपसूक गळलं असण्याची शक्यता जास्त.

जनावरांचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री ८:५०

सापडला तर पहिल्या तासात काय करायचं ते आधीच सांगून ठेवतो, कारण आनंदाच्या भरात लोक चुका करतात. आंघोळ घालू नका. चमच्याने पाणी पाजू नका, श्वासनळीत जातं. उबदार, शांत, अर्ध्या अंधाऱ्या जागी पिंजरा, उथळ वाटीत पाणी, नेहमीचं खाणं थोडं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करा. नेहमीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर त्याच दिवशी दाखवा, उद्यावर टाकू नका. एवढ्या लहान जिवाकडे शिल्लक अशी काही नसते.

दक्षिणगोलार्धी | बुधवार, सकाळी ६:१०

धागा आज वाचला. मूळ कराडची, गेली चौदा वर्षं ॲडलेडला. तुमचा हळद्या आमच्या गावचा, म्हणून लिहिते.

शहरातून उत्तरेला तीन-चार तास गाडी हाकली की रस्त्याच्या कडेला तारांवर कॉकेटिल दिसायला लागतात. पिवळे नाहीत, पिवळा हा माणसाने पिंजऱ्यात वाढवलेला रंग. रानातले राखाडी, पंखावर पांढरा पट्टा. गेली काही वर्षं मी त्यांना बघत आलेय आणि दोन गोष्टी नेहमी दिसतात. एक म्हणजे ते दाट पानांत बसत नाहीत. वाळलेलं, बोडकं झाड शोधतात, जिथून चारी बाजू दिसतील. तुम्ही वड, आंबे धुंडाळताय असं दिसतं. निष्पर्ण झाड, मोबाइलचा टॉवर, अँटेना, पाण्याच्या टाकीचा पाइप बघा.

दुसरी म्हणजे ते जमिनीवर उतरून चरतात. फळं खाणारा पोपट नव्हे तो, दाणे टिपणारा. कोरड्या मुलखातला असल्यामुळे जिथं पाणी तिथं तो. इकडं शेतकरी म्हणतात की यांचा थवा दिसला तर जवळ पाणी आहे समजावं. तेव्हा तुमच्या शहरात एप्रिलमध्ये उघडं, उथळ पाणी आणि जमिनीवर सांडलेलं धान्य एकत्र कुठं आहे? धान्याचे गोदाम, गिरणी, कोंबड्या पाळणारे, घोड्यांचे तबेले. मी असते तर तिकडून सुरुवात केली असती.

आणि तो उगवतीकडे गेला म्हणालात. उन्हाळ्यात संध्याकाळी सातारी वारा पश्चिमेचा असतो ना अजून? मग घराभोवती का फिरताय? वारा सरळ घेऊन गेला असेल.

खारीबटर | बुधवार, सकाळी ८:३०

चार दिवस आम्ही सगळे इथं बसून सल्ले देतोय आणि उत्तर ॲडलेडहून येतं.

पेठेतली | बुधवार, सकाळी ९:००

उगवतीकडे म्हणजे पोवई नाका, सदरबझार, गोडोली. गोडोलीत तळं आहे. आणि बांधकामं. स्लॅब पडला की वर वाळूची आळी करून पंधरा दिवस पाणी भरून ठेवतात, त्यावर साळुंक्या, चिमण्या झुंडीने येतात पाणी प्यायला. आमच्या शेजारच्या साइटवर रोज बघते. उथळ पाणी यापेक्षा कुठलं?

चिमणपुरेकर | बुधवार, सकाळी ९:२०

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी गोडोलीकडे जातो.

चिमणपुरेकर | बुधवार, रात्री ८:१०

गेलो आणि वळवाने गाठलं. सहा वाजता आभाळ काळं, धूळ, मग टपोऱ्या गारा. दुकानाच्या पत्र्याखाली तासभर उभे. पत्र्यावर असा आवाज होत होता की लेकीने कान झाकून घेतले. काही बोलली नाही. घरी येऊन तिने गच्चीतला पिंजरा खाली आणला आणि पुसून ठेवला. मी काही विचारलं नाही.

मी_गोडोलीकर | गुरुवार, सकाळी ६:४८

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. बायको ही साइट वाचते, तिने काल रात्री हा धागा दाखवला.

आमच्या मागं अपार्टमेंटचं काम चालू आहे. परवापासून पहाटे तिथून गाडी रिव्हर्स घेतल्याचा आवाज येतो. मी वैतागलो होतो की एवढ्या सकाळी कोण डंपर लावतंय. आज मुद्दाम उठून गॅलरीत गेलो. डंपर नाही, टेम्पो नाही, गेट बंद. आवाज येतोय. टीं टीं टीं, आणि मग वर. डंपर प्रश्न विचारत नाही ओ.

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. लवकर या, साडेसातला काम सुरू होतं.

शीळकरी | गुरुवार, सकाळी ६:५५

पिंजरा बरोबर न्या! आणि चादर. लेकीला पुढं करा.

खारीबटर | गुरुवार, सकाळी ७:४०

काय झालं?

पेठेतली | गुरुवार, सकाळी ८:१५

कुणीतरी लिहा रे.

तिरकस | गुरुवार, सकाळी ८:५०

मी ऑफिसला निघालो नाहीये अजून. सांगून ठेवतो.

चिमणपुरेकर | गुरुवार, सकाळी ११:२५

मिळाला.

हात थरथरतायत, तरी लिहिते. गेटपाशी पोचलो तेव्हा आवाज बंद झालेला. वर बघतोय, सळया, पराती, स्लॅबवर पाणी, साळुंक्या. कुठं पिवळं दिसेना. लेकीने शीळ घातली, तिची ती रिव्हर्सची. आणि उत्तर आलं ते वरून नाही, खालून. वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीमागून.

तिथं एक डालं उपडं घातलेलं होतं, वर वीट. आत एक तांबडी कोंबडी, आणि कोंबडीच्या पलीकडे कोपऱ्यात आमचं ध्यान. चिखलाने माखलेलं, शेपटीचं एक पीस मोडलेलं, तुरा डोक्याला चिकटून सपाट.

वॉचमनच्या मावशी म्हणाल्या, "मंगळवारी ह्यो कोंबड्यांत येऊन कण्या खायला लागला. कोंबडीनं दोनदा टोचलं तरी हलंना. मांजर बसल्यालं टपून, म्हनलं झाकून ठिवावं. कुनाचा तरी आसलंच, रानातला आसा माणसाजवळ येत न्हाई." काल गारा आल्या तेव्हा त्यांनी डालं कोंबडीसकट खोलीत ओढून घेतलं होतं. आम्ही त्या वेळी पत्र्याखाली उभे होतो ते दुकान तिथून तीनशे पावलांवर.

मावशींनी वीट काढली. लेकीने हात आत घातला. तो फिस्कारला, चावला, मागं सरला. मग तिने पुन्हा शीळ घातली, हळू. तुरा थोडा उठला. मग सगळा उठला. आणि तो तिच्या मनगटावरून चालत, चिखलाच्या पायांनी शाळेच्या शर्टावरून वर खांद्यावर गेला आणि तिच्या वेणीत तोंड खुपसून बसला. तिथं उभी असलेली गवंड्यांची पोरं टाळ्या वाजवायला लागली तर ही त्यांना म्हणते, "श्शू, घाबरेल तो."

लपवून ठेवलेली खूण आता सांगते: उजव्या पायाच्या एका बोटाला नख नाही. पिल्लू असताना पिंजऱ्याच्या दारात अडकून गेलं.

वजन ८१ ग्रॅम. नेहमीचं ९२. म्हणून तसेच दवाखान्यात आलोय, इथूनच लिहितेय.

जनावरांचा_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ११:४०

अकरा ग्रॅम म्हणजे बारा टक्के. बरं केलंत लगेच नेलंत. कोंबड्यांबरोबर राहिलाय, विष्ठा तपासायला सांगा, आणि पिसांत उवा बघायला सांगा. घरात दुसरा पक्षी असेल तर महिनाभर वेगळा.

दक्षिणगोलार्धी | गुरुवार, दुपारी १२:१५

जमिनीवर! धान्य! पाणी! मी इथं ऑफिसात ओरडले. बाजूचा दचकला.

निवृत्त_नाना | गुरुवार, दुपारी १२:५०

मावशींना काही दिलंत का?

चिमणपुरेकर | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

नाना, पत्रकात पाच हजार लिहिले होते. घेईनात. "पाखराचं पैसं कुनी घेतं व्हय." शेवटी ह्यांनी विचारलं की मग काय आणू, तर म्हणाल्या, खोलीच्या दाराला जाळी बसवून द्या, डास लय. उद्या सुतार घेऊन जातोय. लेकीने तिची राळ्याची कणसं कोंबडीला नेऊन द्यायचं ठरवलंय. कोंबडी टोचली म्हणून तिच्यावर राग आहे, पण 'तिने त्याला सोबत दिली ना' असंही आहे.

डॉक्टरांनी पंख पुन्हा कापू का विचारलं. आम्ही नको म्हटलं. उडता येत नाही या भरवशावर गॅलरीचं दार उघडं राहतं, चूक तिथंच झाली. त्याऐवजी गॅलरीलाच जाळी बसवतोय. त्याच सुताराकडून. आणि लेकीने रोज थोडं उंचावरून खाली यायला शिकवायचं, कपाटावरून हातावर, मग माळ्यावरून. शीळकरी, तुमच्या अशोकाच्या शेंड्याची गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसलीये.

समोरच्या काकांना सांगायला गेलो. ते खाली आले, गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला. वरून खिडकीतून उत्तर आलं. काकांनी गाडी बंद केली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

घाटमाथा | गुरुवार, रात्री ८:०५

सोमवारी जरा तोडून बोललो होतो. अभिनंदन. पिंजऱ्यांविषयीचा धागा काढतोय, पक्षीवेडी, या.

पक्षीवेडी | गुरुवार, रात्री ८:२०

येते.

पेठेतली | गुरुवार, रात्री ९:४५

संपादक, धागा बंद करू नका. सदरबझारातल्या त्या बाई माझ्या मावसजाऊ निघाल्या. निळा बजरीगर अजून त्यांच्याकडेच आहे, नाकावर निळा म्हणजे नर, डाव्या पंखाजवळ एक खूण आहे ती सांगत नाही. कुणाचा असेल त्याने व्यनि करा. तांदूळ खात नाहीये नीट.